एकेचाळीस टक्के विशाखा

सुगत मेश्रामच्या हृदयाला त्रास कशाचा होता, याबद्दल घरात, कामावर किंवा नातेवाइकांत कुणालाच शंका नव्हती. तो नागपूरला विमान वाहतूक नियंत्रक होता. दिल्लीहून चेन्नईला आणि मुंबईहून कोलकात्याला जाणारी विमानं ज्या आकाशात एकमेकांना छेदतात, ते आकाश सत्तावीस वर्षं त्याच्या पडद्यावर होतं. चोपन्नाव्या वर्षी, सकाळची पाळी संपवून गाडीत बसताना त्याला झटका आला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणाला: एवढं टेन्शन डोक्यावर घेतल्यावर दुसरं काय होणार. सुगतलाही ते पटलं होतं. त्याला त्यात थोडा अभिमानही वाटत होता.

म्हणून डॉक्टर नसीम काझींनी तीन महिन्यांनी अहवाल समोर ठेवला, तेव्हा त्याला वाटलं पानं बदलली गेली असतील. कामाच्या नावापुढे नऊ टक्के होते. रस्त्यावरची वाहतूक सहा टक्के, भाऊ आणि गावाकडचं शेत पाच. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत: विशाखा, एकेचाळीस टक्के.

विशाखा त्याची एकुलती एक मुलगी.

हा अहवाल मण्याचा होता. झटक्यानंतर सुगतच्या डाव्या खांद्याजवळ, कातडीखाली, ज्वारीच्या दाण्याएवढं एक उपकरण बसवलं होतं. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलेलं होतं, पण पेशंट त्याला मणी म्हणत आणि आता डॉक्टरही तेच म्हणू लागले होते. त्यामागचं शास्त्र तसं सरळ होतं. माणूस घाबरला, चिडला, काळजीत पडला की मेंदूतलं बदामाएवढं एक केंद्र धोक्याची सूचना देतं. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. समोर खरंच संकट असेल तर हे सगळं उपयोगाचं. पण संकट नसताना रोज तासन्‌तास हेच चालू राहिलं, तर ती सूचना हाडांमधल्या मज्जेपर्यंत पोचते. मज्जा गरज नसताना जादा पांढऱ्या पेशी तयार करते, आणि त्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींत शिरून तिथे सूज आणतात. भिंतीत साठलेला चरबीचा थर मग एक दिवस फुटतो, त्यावर गुठळी होते आणि रस्ता बंद होतो. हे डॉक्टरांना कित्येक वर्षं माहीत होतं. अमुक एका माणसाच्या बाबतीत ही सूचना द्यायला लावतं कोण, एवढंच कळत नव्हतं. मणी ते सांगायचा. नाडीच्या दोन ठोक्यांतलं अंतर, वाहिन्यांचा ताठपणा आणि कॉर्टिसॉल तो सतत मोजायचा, आणि त्या वेळी माणूस कुठे होता, कुणाशी बोलत होता, हे फोनकडून घ्यायचा. तीन महिने अशी नोंद झाली, की शरीरावरच्या एकूण भाराची वाटणी करून द्यायचा.

काझी मॅडमनी पडद्यावर त्याच्या कामाचे तास दाखवले; झटक्यानंतर तो खऱ्या विमानांऐवजी सरावाच्या पडद्यावर नव्या मुलांना शिकवत होता. सुगत खुर्चीत बसून कानाला हेडफोन लावायचा, तेव्हा त्याचा श्वास संथ व्हायचा, नाडी खाली यायची. एका वेळी वीस-बावीस विमानं सांभाळणारा हा माणूस त्या खुर्चीत जवळजवळ विसावत होता. रोज संध्याकाळी सात वाजता मात्र रेषा भिंतीसारखी उभी चढायची. त्या वेळी विशाखाचा फोन येत असे.

विशाखा पंचवीस वर्षांची होती. विजेची इंजिनिअर झाल्यावर तिनं ऑफिसातली जागा नाकारून चालू लाइनवर काम करणाऱ्या पथकात नाव दिलं. म्हणजे चार लाख व्होल्टची वाहिनी बंद न करता, धातूच्या धाग्यांचा सूट घालून, त्या तारेपाशी लोंबकळत दुरुस्ती करायची. चंद्रपूरला नेमणूक होती. रोज काम संपल्यावर ती बापाला फोन करून आज किती उंचावर होते, वारा कसा होता, कोणता सांधा कसा बदलला, हे तपशीलवार सांगायची. सुगत ओरडायचा. दोर नीट तपासला होता का म्हणून उलटतपासणी घ्यायचा, तिच्या साहेबाला नावं ठेवायचा. ती त्याला म्हणायची, तू दुसऱ्यांची विमानं आकाशात ठेवतोस आणि स्वतःची मुलगी साठ मीटरवर गेली की तुला घाम फुटतो. मग भांडण व्हायचं, ते राजकारणावर जायचं, तिथून वांग्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालावं की नाही यावर, आणि पाऊण तासानं दोघंही हसून फोन ठेवायचे. उत्पला, सुगतची बायको, तोवर दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसलेली असे.

नियंत्रकाच्या खुर्चीत परत बसायचं तर वैद्यकीय मंडळाची अट होती: सलग सहा महिने आठवड्याचा भार पन्नासच्या खाली हवा. सुगतचा बहात्तर होता. काझी मॅडम समजुतीनं बोलल्या. संबंध तोडा असं मी कधीच म्हणणार नाही, त्या म्हणाल्या, पण रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा बोला, दहा मिनिटं बोला, तिच्या कामाचा विषय नको. पुन्हा झटका आला तर हृदयाचा उरलेला स्नायू तो सोसेल याची हमी मी देऊ शकत नाही.

विशाखाला यातलं काही सांगायचं नाही, असं सुगतनं ठरवलं. काम वाढलंय, पाळ्या बदलल्यात, असं काहीतरी सांगून फोन कमी करता येतील, असा त्याचा विचार होता. पण त्या शनिवारी ती न कळवता घरी आली. अहवाल जेवणाच्या टेबलावरच, पाण्याच्या तांब्याखाली पडला होता. सुगत अंघोळ करून बाहेर आला, तेव्हा ती तो हातात धरून उभी होती.

"बाबा, ही मी आहे?"

"यंत्राचा अंदाज असतो तो," सुगत म्हणाला.

"चुकीचा आहे का?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. पुढे कित्येकदा सुगतला हा क्षण आठवला. त्यात तो काय काय म्हणू शकला असता, याची उत्तरं त्यानं गाडी चालवताना, दाढी करताना, खुर्चीत बसल्यावर मनातल्या मनात शंभरदा दिली. त्या दिवशी त्यानं एकच दिलं.

"सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे," तो म्हणाला.

विशाखानं मान हलवली. कागद दुमडून पुन्हा तांब्याखाली ठेवला, आणि आईला विचारलं, जेवायला काय आहे. जेवताना ती हवेबद्दल बोलली. दुपारच्याच बसनं परत गेली. जाताना बापाचा फोन मागून घेऊन त्यात काहीतरी नीट करून दिलं. सुगतनं काय केलंस म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर रविवारी सकाळी दहा मिनिटांचा फोन सुरू झाला. विशाखानं स्वतःच ती वेळ निवडली आणि ती कधी चुकली नाही. ती सांगायची, सगळं छान चाललंय, नवं घर घेतलंय भाड्यानं, खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसते. कामाचं विचारलं तर म्हणायची, नेहमीचंच. सुगतला पहिले काही रविवार चुकल्यासारखं वाटलं. सात वाजले की हात आपोआप फोनकडे जायचा. पण आकडा उतरत होता. साठ, पंचावन्न, सेहेचाळीस. पाचव्या महिन्यात एकतीस. रक्तदाबाची एक गोळी बंद झाली. आठव्या महिन्यात तो पुन्हा खुर्चीत बसला. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या पहिल्या पाळीत त्यानं वादळामुळे वळवलेली अकरा विमानं एकही आवाज न चढवता मार्गी लावली.

सहा महिने कधीच संपले होते. ते संपले असं विशाखाला कळवायचं काम त्याचं होतं, आणि त्यानं ते केलं नाही. त्यानं ते मुद्दाम टाळलं असं म्हणता येणार नाही. पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. संध्याकाळी फिरायला जाता येत होतं, झोप लागत होती. चंद्रपूरच्या वाऱ्याचा वेग रोज बघावा लागत नव्हता. मुलगी सुखात आहे असं ती स्वतःच सांगत होती, मग उगीच उकरून काढायचं कशाला? काळजी न करणं हीही एक सवय असते आणि ती फार लवकर लागते, हे त्याला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं अनुपशी लग्न केलं. अनुप चंद्रपूरच्याच कॉलेजात भूगोल शिकवायचा. बुद्धविहारात साधं लग्न झालं, वंदना झाली, जेवण झालं. दिवसभर सुगतचा आकडा अठ्ठावीसच्या वर गेला नाही. काझी मॅडमना फार कौतुक वाटलं. तिसऱ्या वर्षी एका रविवारी विशाखा म्हणाली, बाबा, मला ऑफिसात घेतलंय, आता मी टॉवरवर जात नाही, बाकीच्यांच्या कामाचं वेळापत्रक लावते. सुगतला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी त्यानं नियंत्रण कक्षात सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली.

पाचव्या वर्षी काझी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. तपासणीची तारीख नव्हती. त्यांनी दार लावून घेतलं, आणि मण्याची जुनी पद्धत अपुरी होती, असं सांगितलं.

त्या शांतपणे, काही न लपवता बोलल्या. एवढी वर्षं मणी भार किती चढतो तेवढंच मोजत होता. आता लाखभर लोकांच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर कळलं होतं, की चढण्यानं तेवढं बिघडत नाही. चढलेला भार उतरतो कसा, त्यावर सगळं आहे. काही माणसांशी, काही गोष्टींशी गाठ पडली की रेषा थोडीशीच चढते, पण तासन्‌तास उतरत नाही. मज्जेपर्यंत सूचना जाते ती अशा वेळी. आणि काही माणसांपाशी ती उंच चढते आणि झपाट्यानं खाली येते, सुरुवातीपेक्षाही खाली, आणि मग बराच वेळ तिथेच राहते. रक्तवाहिन्या सैल पडतात, सूज उतरते. व्यायामानं हृदय दमतं आणि बळकटही होतं, तसंच हे. जुन्या मण्याला हा फरक कळत नव्हता. त्याच्या लेखी दोन्ही भारच होते.

त्यांनी सुगतच्या पहिल्या तीन महिन्यांची नोंद नव्यानं काढली होती. सात वाजता उभी चढलेली रेषा पावणेआठला कोसळत होती, आणि पुढे साडेदहापर्यंत दिवसभरातल्या सगळ्यांत खालच्या पातळीवर सपाट पसरलेली होती. त्रास भावाचा आणि शेताच्या वादाचा होता. तो लहान दिसत होता, पण कधी उतरतच नव्हता.

"तुमच्या मुलीचे फोन तुम्हाला सांभाळत होते, मेश्रामसाहेब," काझी मॅडम म्हणाल्या. "माझा सल्ला चुकला. मला माफ करा."

सुगतनं त्यांना दोष दिला नाही. त्यानं फक्त ते दोन कागद मागून घेतले.

घरी उत्पलाला तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सकाळच्या बसनं चंद्रपूरला निघाला. मे महिना होता, खिडकीची काच हाताला चटका देत होती. वाटेत त्यानं तो कागद चार वेळा काढून पाहिला. लहान मुलानं प्रगतिपुस्तक दाखवायला न्यावं, तसा तो निघाला होता. पाच वर्षं वाया गेली, पण पुढची आहेत, असं तो स्वतःला सांगत होता. आज संध्याकाळी सातला तिथेच बसून भांडायचं, असंही त्यानं ठरवून टाकलं.

दार विशाखानं उघडलं. घरात एकटीच होती, अंगात अर्ध्या बाह्यांचा सुती कुडता. बापाला बघून ती हसली आणि त्याच क्षणी तिनं डावा हात पाठीमागे घेतला. पण सुगतला दिसलं होतं. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत कातडी वेगळी होती. चकचकीत, गुलाबी, कागद चुरगळून पुन्हा सरळ करावा तशी.

ती आत जाऊन ओढणी घेऊन आली. सुगत अजून दारातच उभा होता. तिनं त्याला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, आणि त्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी काम चालू असताना अचानक वावटळ आली, शेजारची सुटी तार झोक्यासारखी जवळ आली आणि मध्ये ठिणगी उडाली. हात भाजला. पट्ट्याला लटकून राहिले, वीस मिनिटांत खाली काढलं. अकरा दिवस दवाखान्यात होते, मांडीची कातडी काढून हाताला लावली. बोटांत पहिली पकड राहिली नाही, म्हणून वर चढायचं बंद झालं. एवढंच. बातम्या वाचून दाखवाव्यात तशा एका सुरात ती हे सगळं बोलली.

"आईला माहीत होतं?" सुगतनं विचारलं.

"आईच होती ना माझ्याजवळ."

सुगतला आठवलं. उत्पला भंडाऱ्याला म्हणून गेली होती, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे असं सांगून. त्या दोन्ही रविवारी विशाखाचा फोन आला होता. कॅमेरा बिघडलाय म्हणाली होती. तिनं विचारलं होतं, आई नाही तर जेवणाचं काय करतोस, आणि त्यानं डब्याच्या बाईची तक्रार केली होती. दहा मिनिटं तो त्या भाजीबद्दल बोलला होता. त्या आठवड्याचा आकडा सव्वीस होता. आणि संत्रा बर्फी त्यानं त्यानंतर महिन्याभरानं वाटली होती.

त्यानं खिशातून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. बोलताना अडखळत होता, तरी काझी मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. सातची रेषा बोटानं दाखवली, ती कशी खाली येते ते दाखवलं. विशाखा इंजिनिअर होती, तिला आलेख समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं तो बराच वेळ वाचला, दुसरं पानही वाचलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "बरं झालं कळलं ते."

"विशू, लटकली होतीस तेव्हा भीती वाटली?"

तिनं कागदाची घडी घातली. सांगेल असं एकदा वाटलं.

"तेव्हा तुला फोन करायचा होता," ती म्हणाली. "खाली उतरवलं की पहिला बाबाला करायचा, असंच डोक्यात होतं वीस मिनिटं. मग ॲम्ब्युलन्समध्ये फोन हातात दिला त्यांनी, आणि मी आईचा नंबर लावला."

सुगतनं तिच्या हातावरची ओढणी बाजूला केली. तिनं हात मागे घेतला नाही. त्यानं त्या कातडीवर तळवा ठेवला. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा थंड होती. रडू येत होतं की ओरडायचं होतं, त्याला कळेना. दोर कुणी तपासला होता, वाऱ्याचा अंदाज कुणी दिला होता, तुझ्या त्या साहेबाला मी बघतो, असं सगळं एकदम तोंडाशी आलं.

टेबलावर ठेवलेला विशाखाचा फोन थरथरला. तिनं पडद्याकडे पाहिलं. सुगतनंही पाहिलं. त्यावर त्याचं नाव होतं, आणि नावाखाली एक आकडा. एकसष्ट. बघता बघता त्याचा चौसष्ट झाला.

पाच वर्षांपूर्वी, त्या शनिवारी, तिनं त्याच्या फोनमध्ये काय नीट करून दिलं होतं ते सुगतला आता कळलं. दर रविवारी बोलताना मण्याचा त्या क्षणाचा आकडा तिच्यासमोर असायचा. विषय कधी बदलायचा आणि फोन कधी ठेवायचा, हे ती त्यावर बघून ठरवायची.

"मी चहा ठेवते," विशाखा म्हणाली आणि उठली.

"बस ना. त्या कागदात लिहिलंय, चढला तरी चालतो. तूच वाचलंस आत्ता."

"हो, वाचलं मी." तिचा आवाज मऊ होता. रविवारी असायचा तसाच. "दोनच मिनिटं, बाबा. जरा उतरू दे."

फोन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. सुगत ऐकत राहिला. नळाचा आवाज आला नाही, भांड्याचाही नाही. दाराच्या फटीतून तिचा खांदा दिसत होता. ओट्याला टेकून ती नुसती उभी होती, फोनकडे बघत.

तो शांत झाला असता तर ती बाहेर आली असती. सुगतनं डोळे मिटले, आणि दवाखान्यात शिकवलं होतं तसं, चार मोजत श्वास आत घेतला आणि सहा मोजत बाहेर सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. इतकी वर्षं जे त्याला खुर्चीत बसताच जमत होतं, ते आज कितीही केलं तरी जमत नव्हतं, आणि आत विशाखा वाट बघत उभी होती.